विंचवाचं बिऱ्हाड हप्त्यावर

माणसाचं मोठं गमतीचं असतं. आयुष्याची पहिली चाळीस वर्षं तो स्वतःचं घर व्हावं म्हणून धडपडतो, आणि एकदाचं घर झालं, की दर शनिवारी त्या घरातून कुठे पळता येईल याचा विचार करू लागतो. हे तत्त्वज्ञान मी कुठल्या ग्रंथातून उचललेलं नाही. बँकेच्या कर्जविभागातल्या खुर्चीवर वीस वर्षं बसून कमावलेलं आहे. ज्याच्या गृहकर्जाचे अजून एकशे बारा हप्ते बाकी आहेत, तोच गृहस्थ आमच्याकडे डोंगरावर जायला जीप हवी म्हणून दुसरा अर्ज घेऊन येतो. पहिलं कर्ज घरात शिरण्यासाठी, दुसरं घराबाहेर पडण्यासाठी. दोन्हींच्या मध्ये बँक उभी असते आणि दोन्हीकडून व्याज घेते.

पण मध्यंतरी आलेल्या एका तरुणाने ही दोन्ही कर्जं एकत्र करून टाकली. गळ्यात कंपनीचा पट्टा, पायात डोंगर चढायचे बूट. म्हणाला, "साहेब, कॅम्पर व्हॅनसाठी लोन होईल का?" मी विचारलं, "म्हणजे?" तर म्हणाला, "आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं असतं. जाईल तिथे राहायचं."

"म्हणजे गाडीच ना?"

"गाडी नाही हो साहेब, लाइफस्टाइल आहे."

आता आमच्या छापील अर्जात वाहनाचा रकाना आहे, घराचा आहे, दुभत्या जनावराचासुद्धा आहे; लाइफस्टाइलचा नाही. शेजारच्या टेबलावरून आमचे हेडकॅशियर नोटा मोजता मोजता म्हणाले, "लिहा ना, विंचवाचं बिऱ्हाड, हप्त्यावर." आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

तुम्ही हसाल, पण प्रश्न थट्टेचा नाही. कॉमर्सच्या पदवीधराला तर तो झोपू देत नाही. घर म्हटलं की त्याची किंमत वाढते, गाडी म्हटली की शोरूमचा उंबरठा ओलांडताच घसारा सुरू. मग चाकांवरचं घर वाढणार की घसरणार? अमेरिकेच्या आयकर खात्याने यावर मोठं सुटसुटीत उत्तर देऊन ठेवलं आहे. ज्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आहे ते घर. मग ते जमिनीवर असो, पाण्यावर असो की चाकांवर. त्यामुळे तिथे काही अटींत बसत असेल तर अशा गाडीच्या कर्जावरचं व्याज दुसऱ्या घराच्या व्याजासारखं करातून वजा होतं. घराची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही कवीकडे वाचलेली नाही. त्या व्याख्येने मला असं पकडलं, की पुढचे दोन महिने मी या चाकांवरच्या घराचं जुनं खातं उतरवून काढण्यात घालवले. त्याचा हा ताळेबंद.

पहिली नोंद १८८५ सालची. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर, आणि पोरांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी त्या वर्षी ब्रिस्टलच्या एका रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्याकडून स्वतःसाठी अठरा फुटी गाडी बांधून घेतली. आत महोगनीचं लाकूडकाम, पुस्तकांची सोय, स्वयंपाकघर. नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. ओढायला दोन घोडे, हाकायला एक गाडीवान, सेवेला एक नोकर, शिवाय एक कुत्रा आणि एक पोपट. गाडीचं वजन इतकं, की अरुंद रस्त्यावर समोरून कुणी आलं तर पंचाईत; म्हणून नोकराला तीनचाकी सायकल देऊन पुढे पाठवायचं आणि त्याने लोकांना बाजूला व्हायला सांगायचं. अशा थाटात ही स्वारी इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून निघाली आणि स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसला जाऊन पोचली. एकूण १,३०० मैल. पुढच्याच वर्षी त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्या गाडीला ते 'जमिनीवरची नौका' म्हणत आणि स्वतःला 'जंटलमन जिप्सी'. साधं, निसर्गाच्या कुशीतलं, मोकळं आयुष्य कसं जगावं याचा हा आरंभ. त्यासाठी महोगनी, दोन घोडे आणि दोन नोकर लागले.

यातली 'जंटलमन जिप्सी' ही जोडी मात्र नीट बघण्यासारखी आहे. नुसते जिप्सी तेव्हा इंग्लंडात पुष्कळ होते. त्यांच्याही गाड्या होत्या, त्यांचेही घोडे होते, आणि चाकांवर संसार करण्याची कला स्टेबल्सना ज्यांच्याकडून सुचली ते हेच लोक. पण त्यांच्या गाडीला कुणी नौका म्हणत नव्हतं. त्याच १८८०च्या दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे एक सुधारक पार्लमेंटमागे हात धुऊन लागले होते, की या फिरत्या घरांची नोंदणी करा, त्यांच्यावर तपासनीस नेमा, त्यांची पोरं शाळेत घाला. विधेयकावर विधेयक आलं आणि दर वेळी पडलं. स्मिथ यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पोरांनी शाळेत जावं यात वाईट काय? पण एकाच देशात, एकाच दशकात, एकसारख्या दोन गाड्या रस्त्याने चालल्या आहेत. एकीकडे बघून लोक टोपी काढतात, दुसरीकडे बघून दाराला कडी घालतात. फरक एवढाच, की पहिल्या गाडीच्या मालकाचं ट्वायफर्डला पक्कं घर होतं.

आपल्याकडे तर हिशेब याहून कडक झाला. याच सरकारने १८७१ साली हिंदुस्थानात कायदा करून कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांत अनेक जमाती अशा होत्या की ज्यांचा अपराध मुख्यतः फिरत राहणं हा होता. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्या राज्यात साहेब हौसेने भटक्या झाला, त्याच राज्यात भटक्याला भटकण्याबद्दल पोलिसात हजेरी द्यावी लागत होती. विनोदी लेखात हे कशाला, असं वाटेल. पण नावेची बाजू झाकून नुसती जमेची दाखवली, तर आमच्या धंद्यात त्याला दुसरंच नाव आहे.

असो. पुढे मोटार आली आणि घोड्यांची सुटका झाली. १९१० साली पिअर्स-ॲरो या अमेरिकन कंपनीने एक खास मोटार काढली. मागची बैठक उघडली की पलंग व्हायचा, ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुवायचं बेसिन निघायचं, आणि मालकाला ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन. रानात जायचं, पण ड्रायव्हरला हाक मारून घसा कोरडा करायचा नाही, हा त्यातला विचार असावा.

खरी बहार मात्र पुढे आहे. १९१५ ते १९२४ या काळात हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि पांढऱ्या दाढीचे निसर्गलेखक जॉन बरोज अशी चौकडी उन्हाळ्यात मोटारी घेऊन रानावनात जायची. बरोज १९२१ साली वारले, तरी सहली चालू राहिल्या. स्वतःला ही मंडळी 'व्हॅगबाँड' म्हणवून घेत. आपल्या भाषेत उडाणटप्पू. या उडाणटप्पूंबरोबर स्वयंपाकाचा वेगळा ट्रक असे, आचारी असत, एडिसनच्या विजेच्या दिव्यांनी तंबू उजळत, आणि वीस माणसं बसतील एवढ्या गोल टेबलाच्या मधोमध फिरती चकती असे, म्हणजे लोणचं मागायला तोंड उघडायला नको. १९२१ साली तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंग स्वतः त्यांच्या तंबूत मुक्कामाला आले. मागून सिनेमावाले आणि वार्ताहर. आता बघा, एक मोटारी विकणारा, एक टायर विकणारा, एक बॅटऱ्या विकणारा. तिघं मिळून जगाला सांगताहेत, की बाबांनो, निसर्गाकडे चला. माझ्यासारख्या कर्जविभागातल्या माणसाला एवढं ऐकलं की लगेच कळतं, की निसर्गाकडे चालत जाणं यात अपेक्षित नाही.

पण लोकांनी ऐकलं, आणि आपल्या ऐपतीप्रमाणे ऐकलं. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा गावी काही सामान्य मोटारवाल्यांनी एक संघ काढला, 'टिन कॅन टुरिस्ट्स'. फोर्डची स्वस्त गाडी, मागे तंबू नाहीतर घरी ठोकलेलं खोकं, आणि खायला डबाबंद पदार्थ. खूण म्हणून रेडिएटरच्या टोपणावर रिकामा पत्र्याचा डबा डाखवून लावायचा. एकाने डबा लावलेली गाडी पंक्चर झालेली दिसली, की दुसऱ्या डबेवाल्याने थांबून मदत करायची. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. यांच्याकडे आचारी नव्हता.

यानंतर आपल्या कथेची नायिका प्रवेश करते, आणि ती येते चक्क कारखान्यातल्या भंगारातून. दुसरं महायुद्ध संपलं होतं. जर्मनीतल्या वोल्फ्सबर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. आत सुटे भाग हलवायला गाड्या नव्हत्या, म्हणून कामगारांनी बीटल मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट फळी बसवून हातगाडीची थोरली बहीण तयार केली होती. बेन पोन नावाचा डच व्यापारी तिथे मोटारी खरेदी करायला गेला होता. त्याने ती फळी पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एक चित्र काढलं. मागे इंजिन, पुढे ड्रायव्हर, आणि मध्ये सामान. चित्र कसलं, पावाच्या लादीला दोन चाकं लावल्यासारखं. आज ते वहीचं पान ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, जिथे रेम्ब्रांट आहे. बँकेत असताना मीही पुष्कळदा वहीत चित्रं काढली आहेत. पण तपासनीसांची दृष्टी त्या दर्जाची नव्हती.

मार्च १९५० मध्ये त्या लादीचं रीतसर उत्पादन सुरू झालं. इंजिन पंचवीस अश्वशक्तीचं. चढ लागला की ड्रायव्हरला आजूबाजूची झाडं ओळखू यावीत एवढा वेग. पुढच्याच वर्षी वीडेनब्रूक गावच्या वेस्टफालिया या, १८४४ पासून घोडागाड्या बांधणाऱ्या घराण्याने तिच्यात बसवायला एक 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. आठवडाभर गाडीतून माल न्यायचा, शनिवारी मागे हा लाकडी संसार ठेवायचा. रात्री बिछाना, सकाळी शेगडी. सोमवारी संसार बाहेर, माल आत. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी चीज. कारण तीत गाडी रिकामी उभी राहत नव्हती. बेकरीवाल्याला ती पाचही दिवस कमवून देत होती आणि सहाव्या दिवशी फिरवत होती. युद्धात घरंदारं गेलेल्या देशात हौसेनेसुद्धा आधी पोटाचं बघितलं.

या गाडीला पुढे कोंबडी आडवी आली. १९६२ च्या सुमारास युरोपने स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जबर जकात बसवली. अमेरिकेने रागारागाने १९६३ च्या अखेरीस उलटी जकात लावली ती ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर, आणि छोट्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के. याला तिकडे अजूनही 'चिकन टॅक्स' म्हणतात. बाकीची कलमं यथावकाश गळाली, गाड्यांवरचा कर मात्र पुढे कितीतरी दशकं टिकला. गंमत अशी, की मालवाहू म्हणजे काय? पत्र्याचा बंद डबा असेल तर माल. त्याच डब्याला खिडक्या आणि बाकडी लावली, की प्रवासी. म्हणून फोक्सवॅगनचे पिकअप आणि बंद डबे अमेरिकेत आपटले आणि खिडक्यावाल्या तरल्या. त्याच खिडक्यावाल्या पुढे जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, आणि १९६७ च्या आसपास सॅनफ्रान्सिस्कोच्या केसाळ पोरांनी त्यांच्यावर फुलं रंगवली. पोरं म्हणायची, ही आमच्या स्वातंत्र्याची खूण. असेलही. पण मुळात ती गाडी स्वस्त होती, आत आठदहा जण मावत, आणि हवेवर थंड होणारं साधं इंजिन कुणालाही खोलता येई. १९६९ साली जॉन म्यूर नावाच्या इंजिनिअराने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी यावर अगदी ठोंब्या माणसासाठी म्हणून एक पुस्तक लिहिलं, आणि ते धडाधड खपलं. क्रांतीला पाना-पकड लागते, हे त्याला कळलं होतं.

ही सगळी माहिती मी एका रात्री जेवताना सौभाग्यवतींना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "अहो, त्या गाडीत शेगडी असते म्हणालात ना?"

"असते की. बेसिनसुद्धा."

"मग तिथे भांडी कोण घासणार?"

मी आमटीचा भुरका घेतला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमची सुट्टी, आणि माझी नुसती बदली."

बँकेतल्या माणसाच्या बायकोलाच सुचेल असं हे वाक्य आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात पुरुषांनी जे मोकळं आकाश शोधलं, त्याखाली चहा कुणी केला याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. स्टेबल्सकडे निदान पगारी नोकर होता.

आता हिशेब. समजा, गाडी तीस लाखांची, व्याज नऊ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ४८,००० रुपये; वर्षाचे झाले पावणेसहा लाखांच्या वर. नोकरदार माणसाला सगळी रजा, एलएफसी आणि सासऱ्यांचं आजारपण मिळून फिरायला वीस रात्री मिळाल्या तरी खूप. म्हणजे एका रात्रीला जवळजवळ २९,००० रुपये. डिझेल, विमा, पार्किंग वेगळं. एवढ्या पैशात राजवाड्यात उतरता येईल, आणि सकाळी कुणीतरी चहा आणून देईल. उरलेले ३४५ दिवस ती गाडी सोसायटीच्या आवारात उभी, आणि सेक्रेटरी तिच्याकडे बघत उभे.

मग लोक का घेतात? इथे माझं कॉमर्स जरा थबकतं. मला वाटतं, ते त्या वीस रात्री विकत घेतच नाहीत. ते घेतात उरलेले ३४५ दिवस. साहेब ओरडला, लोकल चुकली, गच्चीच्या गळतीची नोटीस आली, की माणूस खिडकीतून खाली बघतो. गाडी उभी आहे. मनात आलं तर उद्या निघता येईल. निघत नाही तो, पण निघता येईल. हा 'येईल' फार महाग असतो आणि त्याच्यावर घसारा लागत नाही. उलट कधी वाढतच जातो. १९६३ सालची तेवीस खिडक्यांची एक फोक्सवॅगन २०११ साली अमेरिकेत लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेली. जी स्वस्त होती म्हणून पोरांनी घेतली, तीच त्यांच्या म्हातारपणी त्यांना परवडेनाशी झाली. ब्राझीलमध्ये तिचं उत्पादन २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होतं. एअरबॅग आणि नव्या ब्रेकचा नियम आला आणि लादी थांबली. २०२२ साली कंपनीने तिची विजेवर चालणारी नात बाजारात आणली.

पण या 'येईल'ची दुसरी बाजू विसरता येत नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी अशा गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे. २००८ च्या मंदीत लोकांनी खरेदी थांबवली आणि तिथली बेकारी पंधरा टक्क्यांच्या वर गेली. हौस ही पहिल्यांदा कापली जाते, आणि ती बनवणाऱ्याची भाकरी तिच्याबरोबर. त्याच मंदीत कित्येकांची घरं गेली, नोकऱ्या गेल्या, आणि साठी उलटलेली माणसं जुन्या व्हॅनमध्ये राहायला गेली. बीट काढायच्या हंगामात इकडे, दिवाळीसारखा त्यांचा नाताळ आला की मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या गोदामात तिकडे. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. आणि त्याच २०२१ साली, करोनाने घरात कोंडलेल्या अमेरिकेत अशा गाड्यांचा विक्रम झाला. कारखान्यांतून सहा लाख बाहेर पडल्या. तोच पलंग, तीच शेगडी. एकाने ऊब सोडून घेतलेली, दुसऱ्याला ऊब राहिली नाही म्हणून घ्यावी लागलेली. दोन्ही गाड्या रात्री एकाच मैदानात शेजारी शेजारी लागत असतील, तर बाहेरून ओळखूसुद्धा येणार नाहीत.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. चांगली गोष्ट आहे. मोकळी हवा सर्वांना मिळावी. फक्त आमच्या राज्यात चाकांवर बिऱ्हाड घेऊन निघणारे लोक त्या आधीही होते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वर भांडी, बिछाना, कोंबडी आणि पोरं. त्यांना लाइफस्टाइल हा शब्द कुणी सांगितलेला नाही.

त्या तरुणाचा अर्ज आम्ही शेवटी वाहनकर्जात बसवला. तो मंजूर व्हायला अडचण आली नाही, कारण अर्जातला एक रकाना त्याने पहिल्याच झटक्यात भरला होता. 'कायमचा पत्ता.' वीस वर्षांत मी हजारो अर्ज तपासले, पण या रकान्याचं महत्त्व मला हा इतिहास उकरताना कळलं. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा राज्याने अशा फिरस्त्यांसाठी सोय केली आहे. एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवली, की तिथला रहिवासी. आमच्याकडे इतकं सोपं नाही. आमच्याकडे वीजबिल लागतं. ज्याच्याकडे ते आहे त्याला घर सोडून हिंडायला बँक तीस लाख देते. आणि ज्याच्याकडे नाही, तो आयुष्यभर हिंडला तरी आम्ही त्याला साधं बचत खातं उघडून देताना तीनदा परत पाठवतो. मोकळं आकाश सर्वांचं असतं म्हणतात. पण त्याखाली मजेत झोपायचं, तर कुठेतरी एक कुलूप आपलं असावं लागतं, आणि त्याची किल्ली खिशात.